आर्थिक पाहणीत एक रकाना वाढवा

प्रति,
मा. संचालक आणि सर्व अधिकारी-कर्मचारी,
अर्थ व सांख्यिकी संचालनालय,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय : मंदीनंतर परत आलेल्या नोकऱ्या नेमक्या कसल्या, ते छापण्याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि.

फेब्रुवारीचा पगार झाला की दरवर्षी माझ्या टेबलासमोर पाच-सहा पोरं येऊन उभी राहतात. मोबाइलवर पगाराची स्लिप उघडलेली आणि प्रश्न एकच, "सर, या महिन्याला शंभर रुपये जास्त का कापले?" मी सांगतो, बाबा, तो व्यवसाय कर. अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाचे २,५००. त्याहून जास्त घ्यायची घटनेतच मुभा नाही, म्हणून फेब्रुवारीत ही तडजोड. बहुतेक पोरं तेवढ्यावर जातात. गेल्या खेपेला एकजण थांबला. म्हणाला, "पण हे पैसे जातात कुठं?" मला माहीत होतं, म्हणून सांगितलं. राज्याने १९७५ साली हा कर लावला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. ७२ चा दुष्काळ, योजनेचे जनक वि. स. पागे, पुढे १९७७ चा कायदा, असं थोडं रंगवूनच सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे हमीसाठी पैसे मी द्यायचे. आन् माझी ऑर्डर तर एप्रिलात संपतीय."

मी त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार?

मी चाकण एमआयडीसीत एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे पगाराचं काम बघतो. आमचे मालक मला 'एचआर' म्हणतात, पोरं 'सर' म्हणतात, पण काम जुन्या मस्टर कारकुनाचंच आहे. हजेरी गोळा करायची, ओटीचे, म्हणजे जादा कामाचे तास धरायचे, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगार विमा) यांचं चलन भरायचं आणि पुढच्या महिन्यात कुणाची ऑर्डर, म्हणजे मुदतीची नेमणूक, संपते त्याची यादी वीस तारखेपर्यंत तयार ठेवायची. हे पत्र त्या यादीमुळे लिहितो आहे.

दरवर्षी मार्चमध्ये, अर्थसंकल्पाच्या आधी, तुम्ही तयार केलेली 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' विधिमंडळात मांडली जाते. मी ती वाचतो. सगळी नाही, उद्योगाचं आणि रोजगाराचं प्रकरण तेवढं. तुमच्या आकड्यांवर माझा संशय नाही, हे आधीच सांगतो. २०२०-२१ च्या पाहणीत तुम्हीच छापलं होतं की राज्याची अर्थव्यवस्था ८ टक्क्यांनी आकसेल, उद्योगक्षेत्र ११.३ टक्क्यांनी आणि सेवाक्षेत्र ९ टक्क्यांनी खाली जाईल, एकटी शेती तेवढी ११.७ टक्क्यांनी वाढेल. सरकारी पुस्तकात इतकं स्पष्ट क्वचित वाचायला मिळतं. माझी तक्रार पुढच्या वर्षांची आहे. पडलो कसे ते नीट लिहिलंत. उठलो कसे, ते मात्र एका टक्केवारीत गुंडाळलंत.

ती टक्केवारी बेरोजगारीच्या दराची. केंद्राच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात देशाचा दर २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होता. २०१९-२० मध्ये तो ४.८ झाला. हे सर्वेक्षण तेव्हा जुलै ते जून चालायचं, म्हणजे टाळेबंदीचे पहिले तीन महिने याच वर्षात आले. पुढच्या वर्षी ४.२, मग ४.१, मग ३.२. आपल्या राज्याचा आकडाही अलीकडे सव्वातीनच्या आसपास असतो. गाड्यांचे प्लांट बंद, हॉटेलं बंद, लोकल बंद, आणि बेरोजगारी खाली! परक्या माणसाने नुसता हा तक्ता पाहिला तर त्याला वाटेल, कोविडमध्ये या देशात नोकऱ्यांचा पाऊस पडला.

पाऊस पडला होता हे खरं आहे. कुठे पडला, ते माझ्या मस्टरवरून सांगतो.

एक गोष्ट लोक विसरतात, चाकणला मंदी कोविडच्या आधी आली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त घसरली. वाहन उद्योगाच्या संघटनेने आकडे ठेवायला सुरुवात केली तेव्हापासूनची ती सगळ्यात मोठी घसरण होती. आमच्याकडे ती दोन ओळींच्या मेलने आली : सोमवारपासून माणसं कमी करा, संख्या अमुक. कायम कामगारांना ब्लॉक क्लोजर मिळतं, म्हणजे प्लांट चार दिवस बंद, पगाराचं काहीतरी ठरतं, युनियन बोलते. आमच्या पोरांना गेटवर पंच लागत नाही एवढंच कळतं. कार्ड लावलं, लाल दिवा लागला, परत फिरा.

त्यातून थोडं सावरतोय तोवर २५ मार्च २०२० उजाडला. नाणेकरवाडी, खराबवाडी, निघोजे या भागात कॉट बेसिसवर राहणारी पोरं खानावळी बंद झाल्यावर आठ-दहा दिवस टिकली, मग निघाली. कुणी दुधाच्या टँकरमधून, कुणी मोटरसायकलवर तिघं, कुणी चालत. ८ मे ला पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्यातल्या स्टील कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशात घरी निघालेले. ती बातमी आली त्या दिवशी मी आमच्या यादीतल्या एकेकाला फोन लावत बसलो होतो. सगळे लागले. दोन-तीन फोन उशिरा लागले, तेवढ्यात जी भीती वाटली ती अजून आठवते.

त्यातला एक अहमदपूर तालुक्यातला, आयटीआय फिटर. त्याला जूनमध्ये पुन्हा फोन केला. म्हणाला, "सर, आता नाय जमणार, पेरणी चालूय." घरची चार एकर. वडील, आई आणि थोरला भाऊ आधीपासून त्याच चार एकरांत राबत होते, हा चौथा जाऊन मिळाला. सोयाबीन काही त्याच्या येण्याने वाढलं नाही, आणि पगार कुणी कुणाला द्यायचा? पण तुमचा तपासनीस त्या घरी गेला असता तर चौघंही रोजगारात धरले गेले असते. नियमच तसा आहे. वर्षभरात दुय्यम स्वरूपाचं का होईना, ३० दिवसांहून कमी नाही इतकं काम केलं असेल तर तो माणूस कामावर. आठवड्याच्या हिशेबाने पाहायचं तर सात दिवसांत एका दिवशी एक तास केला तरी कामावर. ही व्याख्या तुम्ही केलेली नाही, आणि जगभर थोड्याफार फरकाने असंच मोजतात हेही मला ठाऊक आहे. पण आमच्याकडे त्या मुलाला 'कामाला आहे' असं कुणी म्हणत नाही. 'घरी आहे' म्हणतात.

देशाचे आकडे हेच सांगतात. २०१८-१९ मध्ये काम करणाऱ्यांपैकी ४२.५ टक्के लोक शेतीत होते. २०२०-२१ मध्ये ते ४६.५ टक्के झाले. इतकी वर्षं शेतीतून माणूस बाहेर पडत होता आणि दोन वर्षांत काटा उलटा फिरला. लॉकडाउन उठल्यावर तो सरळ झाला का? २०२३-२४ मध्येही ४६.१ टक्के. घरच्या शेतात-धंद्यात बिनपगारी हातभार लावणारे २०१७-१८ मध्ये १३.६ टक्के होते, २०२२-२३ मध्ये १८.३ टक्के. दर महिन्याला पगार घेणारे मात्र याच काळात २२.८ टक्क्यांवरून २०.९ वर उतरले. पाऊस पडला तो चार एकर सोयाबीनवर.

आता परतीची गोष्ट. दिवाळी २०२० च्या आधी गाड्यांची मागणी एकदम उसळली. एसटीत, रिक्षात बसायची लोकांना भीती, त्यामुळे ज्याला शक्य होतं तो स्वतःची गाडी बघायला लागला. जी कंपनी 'माणसं कमी करा' म्हणत होती तिचाच फोन, 'उद्या पहिल्या पाळीला चाळीस पाठवा'. मी पुन्हा फोन लावत बसलो. अहमदपूरवाला आला. दोन महिन्यांचं कॉटभाडं थकलेलं होतं ते आधी मिटवलं, मग कामावर.

त्याच्या दोन स्लिपा माझ्याकडे आहेत. नाव झाकून तुम्हाला दाखवायची माझी तयारी आहे. पहिली फेब्रुवारी २०२० ची. त्यात मूळ वेतन, विशेष भत्ता, घरभाडे, ओटी, आणि खाली कपातीत पीएफ १२ टक्के, ईएसआय पाऊण टक्का, व्यवसाय कर ३००. आठ-नऊ ओळी होत्या. दुसरी डिसेंबर २०२० ची. त्यात एकच ओळ होती : विद्यावेतन. लाइन तीच, स्टेशन तेच, टॉर्क गन तीच. तासाला जेवढे नग आधी काढायचा तेवढेच आताही. फक्त आता तो 'ट्रेनी' होता, तीन वर्षं ते काम करून झाल्यावर.

गंमत म्हणजे तो खूश होता. कपात नाही म्हणून हातात चारेकशे रुपये जास्त येत होते. पीएफमध्ये मालकाचाही वाटा असतो आणि तोही गेला, हे मी त्याला समजावून सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. मशीनवर बोट चेमटलं तर ईएसआयचं कार्ड नाही, हेही तेव्हाच सांगायला हवं होतं.

शिकाऊ उमेदवारी ही मुळात वाईट गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. पुण्यात 'टेल्कोत अप्रेंटिस केलंय' हे शब्द एका पिढीला पदवीसारखे होते, आणि त्या लोकांनी पुढे भोसरीत स्वतःची वर्कशॉप काढली. १९६१ चा कायदा त्यासाठीच आहे. आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेत, केंद्र सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, परत करेल, अशी व्यवस्था आहे. मधल्या काळात 'नीम' नावाची आणखी एक योजना होती. शिकवायला घेतलेला मुलगा आणि शिकलेलं काम करून घ्यायला ट्रेनी केलेला मुलगा, यातला फरक कागदावर दिसत नाही. शॉपफ्लोअरवर पाच मिनिटं उभं राहा, दिसतो.

आणि जे ट्रेनी नाहीत त्यांची ती वीस तारखेची यादी. औद्योगिक कायद्यात २४० दिवसांचा आकडा फार जुना आहे. वर्षात तेवढे दिवस भरले की कामगाराला सलग सेवेचे हक्क मिळतात, नोटीस, छाटणीची भरपाई, पुढे जाऊन कोर्टात उभं राहायला जागा. म्हणून ऑर्डर सात महिन्यांची. सात भरले की ब्रेक. कुणाला पंधरा दिवस, कुणाला दोन महिने. मग तोच मुलगा दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर त्याच गेटमधून आत येतो, गळ्यातली दोरी निळी होती ती हिरवी झालेली असते. गेटवरचा सिक्युरिटीवाला त्याला नावाने ओळखतो. सिस्टिम मात्र ओळखत नाही.

ही यादी मी करतो. एक्सेलमध्ये रकाना आहे, ६ महिने २० दिवस झाले की नाव आपोआप लाल होतं. ते सूत्र मीच घातलंय.

आता तुमच्या आकड्यांत हा मुलगा कसा दिसतो ते पाहा. पीएफ कार्यालयाचे पेरोलचे आकडे २०१८ पासून दर महिन्याला प्रसिद्ध होतात आणि महाराष्ट्र जवळजवळ कायम पहिला असतो. मंत्री त्यावर ट्वीट करतात. त्या तक्त्यात नव्याने आलेले, सोडून गेलेले आणि सोडून परत आलेले असे भाग असतात. आमचा मुलगा एका वर्षात एकदा सोडून जातो आणि एकदा परत येतो. वजाबाकी बरोबर होते, हिशेबात चूक नाही. पण तो एकाच मशीनवर उभा होता, हे त्या वजाबाकीतून कसं कळणार? शिवाय १९ माणसांच्या कारखान्यात विसावा आला की पीएफ लागू होतो, आणि आधीचे एकोणीसही त्या महिन्यात 'नवे' दिसतात. चांगली गोष्ट आहे, त्यांना पीएफ मिळाला. पण त्या एकोणीस नोकऱ्या त्या महिन्यात तयार झालेल्या नव्हत्या.

नोकरी गेलेल्यासाठी ईएसआयची योजनाही आहे, 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना', २०१८ पासूनची. कोविडमध्ये तिच्यात सुधारणा झाली, पगाराच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत. मी आमच्या पोरांचे अर्ज भरायला बसलो होतो. दोन वर्षांची विमापात्र नोकरी हवी, ठरलेल्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी हवी. ब्रेकने चिरलेल्या सेवेत ती अट बसवता बसवता बहुतेकांचे अर्ज बाजूला पडले. पुढे ज्यांना ट्रेनी केलं त्यांचा तर प्रश्नच उरला नाही.

ब्रेकच्या महिन्यांत ही पोरं काय करतात? विचारलं तर सांगतात, 'भरती करतोय'. म्हणजे पहाटे उठून सोळाशे मीटर, दिवसा अभ्यासिका. २०२३ च्या तलाठी भरतीला ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले, फी खुल्या वर्गाला हजार आणि राखीवला नऊशे. २०२४ च्या पोलीस भरतीला १७,४७१ जागा आणि अर्ज साडेसतरा लाखांच्या पुढे. एका जागेला शंभर. बेरोजगारीचा दर तीन टक्के असलेल्या राज्यात हे कोण लोक आहेत? त्यातले कितीतरी माझ्या मस्टरवर आहेत, म्हणजे तुमच्या भाषेत रोजगारात आहेत. ते काम शोधत नाहीत. त्यांना असं काम हवंय की ज्याच्यात पुन्हा पुन्हा शोधावं लागणार नाही.

याच काळात शासनानेही कंपन्यांकडून धडा घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ एजन्सींमार्फत सरकारी कामासाठी माणसं घेण्याचा निर्णय निघाला. ओरड झाली आणि ऑक्टोबरात तो मागे घेतला. जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००, मुदत सहा महिने. नंतर पाच महिने वाढवून अकरा केली. मुदत संपल्यावर ती मुलं 'कायम करा' म्हणून रस्त्यावर आली तेव्हा लोक म्हणाले, अरे, प्रशिक्षण होतं ना ते! मला त्यांचं काही नवल वाटलं नाही. सहा महिने टेबलावर बसून फायली हलवल्यावर माणसाला ते प्रशिक्षण वाटत नाही, नोकरीच वाटते.

मालकांची बाजूही सांगतो, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. आमच्या धंद्यात कंपनी दर तीन महिन्यांनी शेड्यूल बदलते. वर गाडी खपली नाही की खाली बोल्ट करणाऱ्याचं काम थांबतं. २०१९ ला लोक थोडे फार कमी करता आले म्हणून बरेच छोटे व्हेंडर वाचले, हेही मी डोळ्यांनी पाहिलं. २०२१ ला तर मागणी होती आणि चिपच मिळत नव्हत्या. चारशे माणसं कायम ठेवून त्यांना बसवून पगार देणं भोसरीतल्या कुठल्याही छोट्या कारखानदाराला झेपणार नाही. तळेगावला जनरल मोटर्सचा प्लांट डिसेंबर २०२० मध्ये थांबला, तेव्हा कायम असूनही माणसं दारात उभी राहिली. कायम म्हणजे अमरपट्टा नव्हे, मान्य.

पण दर मंदीत एक गोष्ट घडते. संकटात उतरवलेली कायम माणसांची संख्या चांगले दिवस आले तरी परत वर जात नाही. उद्योगांच्या वार्षिक पाहणीतच आहे, कारखान्यांतल्या कामगारांत ठेक्यावरचे लोक २००० च्या सुमारास २० टक्क्यांच्या आसपास होते, २०२२-२३ मध्ये ४० टक्क्यांच्या पुढे गेले. ठेका कामगार कायदा लागू व्हायची मर्यादा महाराष्ट्राने मधल्या काळात २० माणसांवरून ५० वर नेली. एकोणपन्नास माणसं पुरवणारे किती कॉन्ट्रॅक्टर त्यानंतर उभे राहिले, हा एक मजेशीर अभ्यास होईल. ज्याने करायचा असेल त्याने चाकणला यावं, चहा माझ्याकडून.

तर माझी मागणी. नोकऱ्या कायम करा, असं मी तुमच्याकडे मागत नाही, ते तुमच्या हातातही नाही. मी छपाई मागतोय. पाहणीत उद्योगाच्या प्रकरणात प्रस्तावित गुंतवणूक आणि तिच्यासमोर 'अपेक्षित रोजगार' असा रकाना असतो. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला १५ लाख कोटींहून जास्त रकमेचे करार झाले आणि त्यांतून १६ लाखांच्या आसपास रोजगार येतील असं सांगितलं गेलं. येवोत. पण त्या 'रोजगार' शब्दात कोण कोण बसतं ते एकदा फोडून छापा. कायम किती. मुदतीच्या ऑर्डरवर किती आणि ती मुदत किती महिन्यांची. ठेकेदारामार्फत किती. शिकाऊ आणि प्रशिक्षणार्थी किती. घरच्या शेतात-दुकानात बिनपगारी किती. जिल्ह्यानुसार. आणि २०१८-१९, २०२०-२१ आणि चालू वर्ष शेजारी शेजारी, म्हणजे मंदीत काय गेलं आणि काय परत आलं ते एका नजरेत दिसेल.

यासाठी नवं सर्वेक्षण लागणार नाही. श्रमबल सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत घरच्या शेतात-दुकानात बिनपगारी राबणाऱ्याला २१ आणि नियमित पगारदाराला ३१ असे वेगळे संकेतांक आहेतच. पगारदाराला लेखी करार आहे का, आणि असेल तर एक वर्षापर्यंतचा की तीन वर्षांहून जास्त, हेही त्यात विचारतात. बातमी मात्र फक्त 'लेखी करार आहे का' एवढ्याची होते. देशात शेतीबाहेरच्या नियमित पगारदारांपैकी ७१ टक्क्यांकडे २०१७-१८ मध्ये लेखी करार नव्हता. नंतर हे प्रमाण बरंच खाली आलं आणि ती सुधारणा म्हणून मोजली गेली. आमच्या पोराकडे लेखी करार आहे. चार पानी आहे, इंग्रजीत आहे, आणि सात महिन्यांचा आहे. तपासनीसाला तो खरं बोलून 'हो' सांगेल. २०२५ पासून या सर्वेक्षणाचा नमुना जिल्हा धरून निवडतात, त्यामुळे पुण्याचा आणि लातूरचा तक्ता वेगळा करणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. पीएफच्या विवरणात आम्ही दर महिन्याला प्रत्येकाची रुजू तारीख आणि सोडल्याची तारीख भरतो. कामगार आयुक्तांकडे ठेकेदारांचे परवाने आणि त्यांवर माणसांची संख्या आहे. शिकाऊ उमेदवारांचं पोर्टल आहे. हे सगळं आम्ही कारकुनांनीच भरलेलं आहे, वेगवेगळ्या संकेतस्थळांवर, वेगवेगळ्या पासवर्डने, बहुतेक वेळा शेवटच्या तारखेला रात्री. ते एका पानावर आणायचं काम तुमचं.

एक व्यवहारातली सूचना. 'ट्रेनी' शब्दावर विसंबू नका. त्याच आस्थापनेत, त्याच कामावर आधी कधी होता का, एवढा एक प्रश्न वाढवा. पीएफचा यूएएन, म्हणजे खातेदाराचा कायमचा क्रमांक, एकच असतो, त्यामुळे कॉन्ट्रॅक्टर बदलला तरी माणूस सापडतो. हवं असेल तर माझं लाल होणारं सूत्रही पाठवतो, एका ओळीचं आहे.

अहमदपूरवाला आता अठ्ठावीस वर्षांचा आहे. ट्रेनी संपून पुन्हा कॉन्ट्रॅक्टवर आला, सध्या आमच्याच नावावर आहे. व्यवसाय कराबद्दल थांबून विचारणारा तोच. मागच्या आठवड्यात मला एक अनोळखी फोन आला. उदगीरकडून बोलतोय म्हणाले, मुलीचे मामा. तुमच्याकडे अमुक मुलगा आहे का, वागायला कसा आहे, व्यसन आहे का. मी म्हटलं, सोन्यासारखा मुलगा आहे, एक दिवस दांडी नाही. मग त्यांनी विचारलं, "परमनंट आहे का? नसला तर ऑर्डर किती दिवसांची?"

तुमच्या इतक्या वर्षांच्या पाहणीत जो प्रश्न छापील रकाना होऊन आला नाही, तो मामांनी दुसऱ्या मिनिटाला विचारला. मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. आज १८ तारीख आहे, परवा यादी द्यायची आहे आणि त्याचं नाव काल लाल झालं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पगार-कारकून,
चाकण, ता. खेड, जि. पुणे